किती दुखतं यापेक्षा कधी दुखतं ते लिही

पत्र:
काकू, माझं वय ३२, राहणार बाबाजीपुरा, बडोदा. मुलगी चार वर्षांची. अलकापुरीतल्या एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करते. गेलं वर्ष-सव्वा वर्ष ओटीपोटात दुखतं, जास्त करून डावीकडे. आधी फक्त पाळीत दुखायचं. आता मधल्या दिवसांतही दुखतं, कधी संडासला बसताना कळ येते. दोन डॉक्टर झाले. एकांनी गॅस म्हटलं, दुसऱ्यांनी टेन्शन. सोनोग्राफी नॉर्मल आली. दसऱ्यानंतर एका नव्या गायनॅककडे वेळ मिळाली आहे, पण मला त्या पाच मिनिटांचीच भीती वाटते. 'कधीपासून, कसं दुखतं' असं विचारलं की माझी पाटी कोरी होते. 'असंच दुखतं' म्हणते आणि गोळ्या घेऊन बाहेर येते. सासूबाई बरोबर येतात, त्यामुळे काही गोष्टी ओठांवर येतच नाहीत. त्या म्हणतात, बाईच्या जातीला एवढं चालायचंच. मैत्रीण म्हणते, रोज लिहून ठेव. काय लिहू? कसं लिहू? आणि घट बसतात त्याच सुमारास माझी तारीख आहे. पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का?
– एक वाचक

उत्तर:
तुझी मैत्रीण शहाणी आहे. लिहून ठेवच. पण 'रोज लिही' एवढ्यावर सोडलं तर तू आठवडाभर पानंच्या पानं भरशील, मग कंटाळशील, आणि दसऱ्यानंतर डॉक्टरांपुढे अशी वही ठेवशील जी ते उघडणारही नाहीत. म्हणून काय लिहायचं ते सांगते, आणि काय नाही लिहायचं तेही.

आधी त्या कोऱ्या पाटीबद्दल. मी स्त्रीरोगाच्या ओपीडीत सिस्टर होते. डॉक्टरांच्या टेबलाशी उभं राहून 'असंच दुखतं' हे उत्तर मी भाजीची लारी लावणाऱ्या बाईकडून ऐकलंय आणि कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंकडूनही ऐकलंय. त्यात हुशारीचा काही संबंध नाही. वेळच तेवढा नसतो. २०१७ मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात ६७ देशांचा आढावा आला होता: प्राथमिक उपचार देणारा डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतो? स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, आपल्याकडे साधारण दोन. तुला पाच मिनिटं मिळत असतील तर तू नशीबवानच.

त्यात दुखण्याची आठवण मोठी लबाड. पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले डॅनियल कानेमन आणि डॉ. डोनाल्ड रेडेलमायर यांनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी होत असताना रुग्णांना क्षणाक्षणाला किती दुखतंय ते विचारलं, आणि मागाहून 'एकूण किती दुखलं?' असं विचारलं. लोकांच्या लक्षात राहिला होता तो सगळ्यात वाईट क्षण आणि शेवटचा क्षण. दुखणं किती वेळ चाललं, हा हिशेब जवळजवळ पुसलेला. तुझंही तेच होणार. अपॉइंटमेंटच्या दिवशी नेमकं बरं वाटत असलं की 'हल्ली एवढं नाही हो' म्हणून तू मोकळी होशील, आणि मागचा अख्खा महिना वाया.

आता मुद्द्याचं. ओटीपोटात गर्भाशय, दोन अंडाशयं, मूत्राशय, मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक आणि या सगळ्यांना खालून तोलून धरणारे स्नायू, एवढे सगळे वीतभर जागेत दाटीवाटीनं राहतात. त्यांच्या नसाही मज्जारज्जूत जवळपास एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे तक्रार कोणाची आहे ते मेंदूलाही नीट उमगत नाही. जुन्या वाड्यात रात्री भांडं पडलं तर कुणाच्या स्वयंपाकघरात पडलं ते कळत नाही, तसंच हे. म्हणून 'डावीकडे दुखतं' एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं ठरवता येत नाही. 'दहापैकी आठ' यावरून तर त्याहून कमी. दुखणं कधी येतं आणि कशाला धरून येतं, त्यावरून वाट सापडते. तुझ्या वहीचं काम तेवढंच.

कशाला धरून, म्हणजे पाच गोष्टींना: पाळी, लघवी, संडास, हालचाल आणि नवऱ्याशी संबंध.

पाळीचं सगळ्यात महत्त्वाचं. रक्तस्राव नीट सुरू झाला तो दिवस पहिला. नुसते डाग दिसले तर तो दिवस वेगळा लिही. पुढचे दिवस ओळीनं मोजत जा: दुसरा, नववा, चौदावा, सव्वीसावा. 'मधल्या दिवसांत दुखतं' म्हणालीस त्यावरून काहीच कळत नाही. पण पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, एकाच बाजूला, दिवस-दोन दिवस दुखलं तर ते बीज सुटतानाचं असू शकतं. पाळीच्या दोन-चार दिवस आधी सुरू होऊन पाळी संपल्यावरही रेंगाळत असेल तर विचार वेगळ्या दिशेनं जातो. पाळीशी काहीच मेळ बसत नसेल तर तीही मोठी माहितीच.

रक्तस्राव 'जास्त' किंवा 'कमी' असा लिहू नकोस. तुझं जास्त आणि माझं जास्त सारखं नसतं. पॅड किती बदलले ते लिही. गाठी पडल्या तर दहाच्या नाण्याहून मोठ्या की लहान, ते लिही. रात्री उठून बदलावं लागलं का, तेही.

लघवीसाठी दोनच प्रश्न: साठून राहिली की दुखतं आणि होऊन गेल्यावर उतरतं का, की होताना जळजळतं? ऑफिसात टॉयलेट नीट नसलं की बायका तासन्तास दाबून धरतात. तसं करत असशील तर लिही, लाजायचं काही कारण नाही. संडासचं तू स्वतःच सांगितलंस. त्यात एक बारकावा बघ: ती कळ फक्त पाळीच्या दिवसांत येते की एरवीही? आणि झाल्यावर पोट हलकं वाटतं की दुखणं तसंच राहतं? या दोन उत्तरांवरून डॉक्टर आतड्याचा विचार करायचा की गर्भाशयाच्या आजूबाजूचा, हे बरंचसं ठरवू शकतात. खडा, नेहमीसारखी, पातळ, एवढे तीन शब्द पुरेत.

हालचालीचं बायका विसरतात. खुर्चीवर दोन-तीन तास बसल्यानं वाढतं का? अ‍ॅक्टिव्हावरून खड्ड्यातून जाताना झटका बसतो तिथे? मुलीला कडेवर उचलताना? तसं असेल तर दुखणं पोटाच्या भिंतीतलं किंवा तळाच्या स्नायूंचंही असू शकतं. ते सोनोग्राफीत दिसत नाही, आणि त्याचा इलाज बऱ्याचदा फिजिओथेरपीत असतो.

पाचव्या गोष्टीकडे येते, जरा थांब. आधी 'नॉर्मल' सोनोग्राफीचं.

सोनोग्राफीत अवयवांचा आकार दिसतो, गाठ दिसते, पाणी दिसतं. दुखणं दिसत नाही. एंडोमेट्रिओसिस नावाच्या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, अंडाशयावर किंवा आतड्याजवळ उगवतं. त्याची अंडाशयात गाठ झाली असेल तर सोनोग्राफीत सापडते, पण पोटाच्या आतल्या पडद्यावरचे छोटे ठिपके बहुतेकदा सुटून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के बायकांना हा आजार आहे, आणि निदान व्हायला ४ ते १२ वर्षं लागतात. तुला तोच आहे असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही, आणि पत्रावरून निदान डॉक्टरांनीही करू नये. गर्भाशयाच्या भिंतीचा आजार, जुनं इन्फेक्शन, मूत्राशयाचं दुखणं, आतड्यांचा चिडका स्वभाव, आपल्या देशात तर गर्भनलिकेचा टीबीसुद्धा, यादी लांबलचक आहे. एवढंच सांगते, की 'रिपोर्ट नॉर्मल' आणि 'काही नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्ट नॉर्मल आला की दुखण्याच्या इतिहासाला जास्त किंमत येते. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०१७ मध्ये एंडोमेट्रिओसिससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही बाईनं दुखण्याची नोंद ठेवली तर बोलणं सोपं जातं, असं म्हटलंय.

आता लिहायचं कुठे? आपल्या घरांत पहिला हात जातो तो कालनिर्णयकडे. दुधाच्या पिशव्या, कामवालीचे खाडे, दळणाची तारीख, त्यात पाळीचा एक टिंबही असतो. तो टिंब चालू राहू दे. पण स्वयंपाकघरातल्या भिंतीवर सगळ्या घरादेखत 'संडासला कळ' असं तू लिहिणार नाहीस, आणि त्या चौकटीत जागाही नाही. पर्समध्ये मावेल अशी छोटी डायरी घे. फोनमध्ये लिहायचं असेल तर फोन मुलीच्या कार्टूनसाठी हातोहात फिरत नाही ना, ते बघ. पाळीची अ‍ॅप्स तारीख लक्षात ठेवायला बरी. पण त्यांतले रंगीत चेहरे दाबून डॉक्टरांना काही कळत नाही, आणि अ‍ॅपनं सांगितलेली पुढची तारीख हा निव्वळ अंदाज असतो.

दिवसातून दोनदा लिही, दुपारच्या जेवणानंतर आणि झोपताना, दर वेळी दोन ओळी. त्याहून जास्त नको, हे मी मुद्दाम सांगतेय. दर तासाला 'आता दुखतंय का?' असं पोटाला विचारत बसलीस तर ते 'हो' म्हणेल. लक्ष दिलं की दुखणं मोठं होतं. आणि ज्या दिवशी काही दुखलं नाही त्या दिवशी 'काही नाही' असं लिहायला विसरू नकोस. कोरी जागा म्हणजे दुखलं नाही की लिहायचं राहिलं, हे महिन्यानं तुलाही सांगता येणार नाही.

आकडा द्यायचा तर ० ते १० दे, पण त्याला कामाची जोड दे. 'सात' म्हणजे काय? एक वाचकभगिनी मागे म्हणाल्या होत्या, 'पोळ्या लाटता लाटता मध्येच स्टूल ओढून बसावं लागलं तर सहा, गॅस बंद करून आडवी झाले तर आठ.' इतकं चांगलं माप मला कुठल्या तक्त्यात सापडलं नाही. तुझं माप तू ठरव: ऑफिसात खुर्चीत बसवलं की नाही, मुलीची आंघोळ उरकली की तिच्या बाबांवर सोडली, रात्री झोपेतून उठवलं का. रजा पडली तर ती नक्की लिही. आपल्याकडे बाईनं 'फार दुखतं' म्हटलं की शंका घेतात. 'या महिन्यात तीन दिवस कामावर जाता आलं नाही' म्हटलं की शंकेला जागा उरत नाही.

नोंद साधारण अशी दिसावी:

'सोमवार, पाळीचा दुसरा दिवस. दुपारी: डावीकडे खाली, मांडीपर्यंत ओढल्यासारखं, ७. पॅड ४, गाठी लहान. संडासला कळ, झाल्यावरही तशीच. दीड वाजता एक गोळी, अडीचला ४ वर. रात्री: ३, झोप लागली.'

'शनिवार, चौदावा दिवस. दुपारी काही नाही. रात्री: डावीकडे चमक, दोन-तीनदा, ५. दिवसभर बसून काम.'

दुखण्याची जात तुझ्याच शब्दांत लिही: ठणका, चमक, मुरडा, जळजळ, रग, ओढ. एका पानावर पोटाचं आणि कमरेचं साधं रेखाटन काढून दुखतं तिथे पेन्सिल फिरव. एका बोटानं दाखवता येतं की अख्खा तळवा ठेवावा लागतो, हेही डॉक्टर बघतात.

गोळ्यांचं जरा नीट लिही. आपल्याकडे मेफ्टल-स्पास पर्समध्ये खडीसाखरेसारखी असते आणि ती औषधात मोजायची असते हेच कुणाच्या लक्षात राहत नाही. तिच्यात मेफेनॅमिक अ‍ॅसिड असतं. ती उपाशीपोटी घेतली तर पोटाला बाधते, आणि २०२३ च्या अखेरीस भारतीय फार्माकोपिया आयोगानं या औषधाबद्दल सावधगिरीची सूचनाही काढली होती, कारण क्वचित कुणाला पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी गंभीर रिअ‍ॅक्शन येते. कोणती गोळी, किती वाजता, तासाभरानं किती फरक, एवढं लिही. 'पेनकिलर घेते' आणि 'महिन्यात चौदा गोळ्या लागल्या, निम्म्यांनी फरक पडला नाही' यांत फार अंतर आहे. सासूबाई ओवा-हिंग देत असतील, गरम पाण्याची पिशवी देत असतील, तेही लिही. पाळीच्या दुखण्यावर शेकाचा खरंच उपयोग होतो. रोज तासन्तास शेकून कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडले असतील तर ते डॉक्टरांना दाखव.

खाण्याची अख्खी यादी नको. कुठे सेव-उसळ खाल्ली, कुठे फाफडा, यात वही भरून जाईल. फक्त वेगळं काही झालं तर लिही. नवरात्रात नऊ दिवस उपास करून साबुदाणा आणि शेंगदाणे खाल्लेस तर संडास गच्च होणार, आणि त्यानं पोट दुखलं तर ते आजाराच्या नावावर जमा व्हायला नको.

नवरात्रावरून तुझ्या गोळीच्या प्रश्नाकडे येते. माझं स्पष्ट मत: या वर्षी घेऊ नकोस. देवाधर्माचं काय पाळायचं ते तुझ्या घरचं, त्यात मी पडत नाही. पण दसऱ्यापूर्वी तुझ्या वहीला एकच पाळी मिळणार आहे. तीच गोळीनं सरकवलीस तर डॉक्टरांपुढे ठेवशील काय? पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. ते संप्रेरक आहे. ते थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी जो रक्तस्राव होतो तो तुझ्या नेहमीच्या चक्रातला नसतो. शिवाय रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला असेल, यकृताचा आजार असेल, गरोदरपणाची शंका असेल, अंगावरून कारण न कळता रक्त जात असेल, तर ती गोळी चालत नाही. म्हणून कधीही मेडिकलमधून परस्पर आणायची ती वस्तू नव्हे.

आणि एक गंमत. आजवर कधी लग्नाकार्याला, गौरी-गणपतीला ती घेतली असशील, तर आठवून बघ: त्या दिवसांत दुखणं कमी होतं का? एंडोमेट्रिओसिसच्या उपचारातही हेच औषध वापरतात. 'मागच्या वर्षी गोळी चालू असताना अजिबात दुखलं नव्हतं' हे वाक्य डॉक्टरांना फार उपयोगी पडेल, आणि ते कोणी विचारणार नाही. आपणहून सांगायला हवं.

आता पाचवी गोष्ट. संबंधांच्या वेळी दुखतं का? तू पत्रात लिहिलं नाहीस, पण 'काही गोष्टी ओठांवर येत नाहीत' म्हणालीस, त्यावरून मी तर्क केला. चुकला असेल तर सोडून दे. आपल्याकडे डॉक्टर हा प्रश्न सरळ विचारत नाहीत. 'मॅरीड?' म्हणतात आणि पुढे जातात, निम्मी माहिती तिथेच राहते. वहीत याला एक खूण ठेव, कुणाला कळणार नाही अशी. लिहायचं इतकंच: दुखणं सुरुवातीलाच, तोंडाशी होतं की आत खोलवर? त्या वेळी थांबलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं? नंतर रक्ताचा डाग दिसला का? तोंडाशी दुखणं आणि खोलवर दुखणं यांची कारणं वेगळी असतात.

पण हे सांगायचं कसं, सासूबाई शेजारच्या खुर्चीत असताना? त्यांना टाळायला सांगत नाही. माझ्या पिढीतल्या किंवा माझ्याहून मोठ्या बाईला 'चालायचंच' हेच शिकवलेलं आहे, आणि त्या तरी तुझ्याबरोबर नंबर लावून बसतात. त्यांना आत येऊ दे. तपासणीसाठी पडद्यामागे नेतील तेव्हा तिथे तू, डॉक्टर आणि सिस्टर एवढेच असता. तिथे सांग. किंवा डॉक्टरांच्या हाती कागद देताना म्हण, 'शेवटची ओळ वाचाल का?' त्या ओळीत लिहिलेलं असेल: 'दोन मिनिटं एकटीनं बोलायचं आहे.' अनुभवी डॉक्टर मग आपणच म्हणतात, 'बा, तुम्ही जरा बाहेर बसा.' त्यांनी सांगितलं की राग तुझ्यावर येत नाही. त्यापेक्षा सोपं म्हणजे त्या दिवशी नवऱ्याला बरोबर ने. आतून तपासणी करायची झाली तर काय करणार ते आधी विचारायचा, दुखलं तर 'थांबा' म्हणायचा हक्क तुला आहे. डॉक्टर पुरुष असतील तर सिस्टर किंवा दुसरी बाई तिथे हजर हवी.

वही डॉक्टरांना द्यायची नाही. जायच्या आदल्या रात्री तिच्यातून अर्धं पान काढ. बडोद्यात डॉक्टर गुजराती किंवा इंग्रजी वाचतील, तुला ज्यात हात बसलाय त्यात लिही; मराठीत लिहिलंस तर वाचून दाखव. पहिलं वाक्य असं हवं, की डॉक्टर मान वर करून बघतील. 'पोटात दुखतं' नको. 'सव्वा वर्षापासून डावीकडे खाली दुखतं. आधी फक्त पाळीत, आता महिन्यातून दहा-बारा दिवस. पाळीत संडासला कळ येते' असं. तुझे खरे आकडे घाल, हे मी नमुन्याला लिहिले. मग शेवटच्या पाळीची तारीख. या महिन्यात काय काय अडलं. कोणत्या गोळ्या झाल्या, कशानं फरक पडला, कशानं नाही. बाळंतपण कसं झालं, सिझर की नॉर्मल. पोटाचं दुसरं ऑपरेशन, अ‍ॅलर्जी. आई-बहिणीला असा त्रास होता का. घरात टीबी झाला होता का. दुसरं मूल हवं आहे की नाही, हे नक्की लिही. काही उपचारांत त्या काळापुरती गर्भधारणा होत नाही, त्यामुळे औषध त्यावरून ठरतं.

फाईलमध्ये जुने केस पेपर आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट तारखेनं लाव, सगळ्यात नवा वर. पोटावरून केलेली सोनोग्राफी होती की आतून, ते रिपोर्टवर बघून ठेव. आतून केलेलीत जास्त दिसतं.

इंटरनेटवर वाचलेली नावं घेऊन सुरुवात करू नकोस, डॉक्टरांचे कान तिथेच मिटतात. वाटलं तर शेवटी विचार: 'हे एंडोमेट्रिओसिस असू शकेल का? नसेल तर कशावरून?' या 'कशावरून'मध्ये फार ताकद आहे. आणि निघताना हे विचारल्याशिवाय उठू नकोस: या औषधानं किती दिवसांत फरक पडायला हवा, आणि नाही पडला तर पुढचं पाऊल काय? पुन्हा 'टेन्शन' ऐकू आलं तर भांडू नकोस. टेन्शननं दुखणं वाढतं हे खरंच आहे, वर्षभर दुखत असलं की टेन्शन येतं हेही खरंच आहे. 'टेन्शनचा इलाज करू, पण त्याबरोबर हेही तपासू या ना?' म्हण आणि अर्धं पान पुढे सरकव. त्यानंतरही कोणी कागदाकडे बघत नसेल तर डॉक्टर बदल, बिनदिक्कत. सयाजी हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात सकाळी केस काढून बसलीस तर वेळ लागेल, गर्दी असेल, पण मोठ्या रुग्णालयात गायनॅक, सर्जरी, फिजिओथेरपी एकाच आवारात असतात, हा फायदा लहान नाही.

काही वेळा मात्र वही मिटायची आणि दसऱ्याची वाट बघायची नाही. अचानक एका बाजूला असह्य कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, पाळी चुकलेली असताना पोटात दुखून चक्कर आली, खांदा दुखू लागला किंवा डाग दिसला, थंडी-ताप आणि अंगावरून घाण वासाचं जाऊ लागलं, तासाला एक पॅड भिजतोय आणि असे दोन-तीन तास गेले, लघवी अडली. यांतलं काही झालं तर रात्र असो, गरबा असो, १०८ ला फोन कर किंवा रिक्षा पकडून थेट इमर्जन्सीत जा. लघवीतून किंवा संडासातून रक्त दिसलं तर दसऱ्यापर्यंत न थांबता त्याच आठवड्यात दाखव.

गरबा खेळू का, असं तू विचारलं नाहीस, पण बडोद्याची मुलगी आहेस, मनात असेलच. खेळ. खेळलेल्या रात्रीनंतरच्या दिवसाला वहीत 'ग' लिही. नऊ रात्रींत चार-पाच 'ग' झाले तर जास्त हालचालीनं दुखणं वाढतं की मोकळं होतं, ते आपोआप दिसेल.

औषध सुरू झालं की वही बंद करू नकोस, तिथून खरं काम सुरू होतं. पहिल्या पानावर औषध सुरू केल्याची तारीख लाल पेननं लिही. डॉक्टरांनी काय सांगितलं ते ओपीडीच्या बाकड्यावरच, घरी यायच्या आत लिहून घे. जिन्यावरून उतरेपर्यंत निम्मं विसरतं. हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण दोन-तीन महिन्यांनी कळतो. पहिल्या महिन्यात मध्येच डाग दिसले म्हणून आपल्या मनानं सोडून देऊ नकोस, फोन करून विचार. पुढच्या तारखेला नवं अर्धं पान ने, आणि जुनंही त्याच्या मागे टाचून ठेव.